आधी उतार, मग पाणी

‘तहान लागल्यावर विहीर खणू नये’ ही म्हण साऱ्या महाराष्ट्रात ऐकू येते. परंतु तिचा अर्थ मराठवाड्यातील माणसाला जितका कळतो तितका कोकणातील माणसाला कळत असेल, असे आम्हांस वाटत नाही. येथे पाऊस बेताचा आणि लहरी, आणि जमिनीखाली काळा कातळ. विहिरीची जागा चुकली तर महिनोन्महिन्यांचे श्रम आणि घरातील किडूकमिडूक सारे कातळात जाते. म्हणून इथला जुना शेतकरी कुदळ हाती घेण्यापूर्वी रान पाहत असे. भर उन्हाळ्यात कोणता उंबर हिरवा राहतो, वारूळ कोठे आहे, शेजारच्या विहिरीचा झरा कोणत्या अंगाने येतो, हे तो सावकाश न्याहाळी. उतावळ्या मंडळींना तो आळशी वाटे. पाणी लागले म्हणजे मात्र तीच मंडळी घागरी घेऊन त्याच्या विहिरीवर येत.

घाई न करता, नीट पाहून केलेले काम टिकते, हे सुभाषित म्हणून सांगणे सोपे आहे. ते खरे आहे की नाही, हे पडताळण्याची सोय आमच्या शहराच्या इतिहासाने करून ठेवली आहे. सुमारे पंधरा किलोमीटरांच्या टापूत आणि सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या अंतराने, दोन राज्यकर्त्यांनी येथे दोन राजधान्या वसवल्या. एकीचे नाव दौलताबाद आणि दुसरीचे खडकी. या खडकीचेच पुढे फतेहनगर झाले, १६५३ साली औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली, शहर मात्र नांदते राहिले. ते का नांदते राहिले आणि दौलताबाद का ओस पडले, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

दौलताबादची घाई

महंमद तुघलक हा मूर्ख नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की, त्या सुलतानाची विद्वत्ता आपण विसरतो. तर्कशास्त्र, गणित, वैद्यक यांत त्याची गती होती. त्याच्या राज्याचा विस्तार दक्षिणेत फार झाला होता आणि दिल्लीत बसून दक्षिण सांभाळणे अवघड होते. देवगिरीचा यादवांचा किल्ला अजिंक्य मानला जाई, आणि तो उत्तर व दक्षिण यांना जोडणाऱ्या जागी होता. तेथे दुसरी राजधानी असावी, हा विचार शहाणपणाचाच होता.

चूक झाली ती विचारात नव्हे, ती पुढच्या पावलात झाली. १३२७ साली देवगिरीचे दौलताबाद झाले आणि दिल्लीतील अमीर-उमराव, उलेमा, सूफी आणि त्यांचे कुटुंबकबिले यांना तेथे जाण्याचा हुकूम निघाला. वाटेवर सावलीसाठी झाडे लावली, मुक्कामाच्या जागा बांधल्या, हे खरे. परंतु इब्न बतूता या प्रवाशाने ही वाट चाळीस दिवसांची म्हणून नोंदली आहे. म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला, तान्ह्या मुलाला चाळीस दिवसांची वाट म्हणजे काय, याचा हिशेब हुकुमात नव्हता. इसामी नावाचा कवी या प्रवासात स्वतः होता. नव्वद वर्षांच्या आजोबांना घेऊन त्याचे कुटुंब दिल्लीतून निघाले आणि दिल्लीजवळच तिलपत येथे त्या वृद्धाने प्राण सोडला. इसामीने पुढे १३५० मध्ये आपला इतिहासग्रंथ पुरा केला, तेव्हाही त्याच्या मनातील ती जखम भरलेली नव्हती. सारी दिल्ली रिकामी झाली, ही कथा अतिशयोक्त आहे असे आजचे इतिहासकार मानतात, आणि ते योग्यही असेल. पण उखडलेल्या घरांचे दुःख काही अतिशयोक्त नव्हते.

आठ-दहा वर्षांत सुलतानाने लोकांना परत जाण्याची मुभा दिली. उत्तरेची सरहद्द दूर पडली, बंडे झाली, लोकांची मने येथे रमली नाहीत, एवढ्या मोठ्या वस्तीला पाणी पुरेना; इतिहासकार अशी अनेक कारणे देतात. याच काळात त्याने चांदीच्या नाण्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी चालवली. कल्पना काळाच्या पुढची होती, पण खोटी नाणी पाडणाऱ्यांना आवर कसा घालावयाचा, हे आधी ठरवले नव्हते. घरोघर टांकसाळी झाल्या आणि थोड्याच वर्षांत ती नाणी चांदी देऊन परत घ्यावी लागली. १३४७ साली तर याच दौलताबादेत बंडखोर सरदारांनी बहमनी राज्याची स्थापना केली. दक्षिण हातात ठेवण्यासाठी वसवलेल्या नगरीतूनच दक्षिण हातची गेली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्या स्थलांतरातून काही चांगले उगवले. दिल्लीहून आलेल्या सूफींमुळे खुलताबादची परंपरा उभी राहिली आणि दखनी भाषेला बळ मिळाले. परंतु जे उगवले ते येथे राहून गेलेल्या माणसांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सावकाश जोपासले म्हणून. ते हुकुमाचे फळ नव्हते.

खडकीची नहर

दुसरा राज्यकर्ता म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरत दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशीच होता. त्याच्या हाताखाली मलिक अंबर दौलत कशी चालते ते शिकला. स्वतःच्या हाती सत्ता येईपर्यंत त्याने पन्नाशी गाठली होती. इतकी वर्षे दुसऱ्याच्या हुकुमात काढलेल्या माणसाला ऐकण्याची आणि पाहण्याची सवय लागते. ती त्याच्या साऱ्या कारभारात दिसते.

त्याची जमीनमहसुलाची पद्धत, जिला पुढे लोक ‘मलिकंबरी’ म्हणू लागले, तिचेच पाहा. त्याने महसुलाचा मक्ता देण्याची रीत बंद केली. जमिनीची प्रत पाहून आणि अनेक हंगामांचे प्रत्यक्ष पीक ध्यानात घेऊन सारा ठरवला. सुरुवातीला धान्यरूपाने, नंतर रोख. एका वर्षाच्या पिकावर सारा ठरवणे सोपे गेले असते आणि खजिनाही लवकर भरला असता. पण सुकाळातील एक वर्ष धरावे तर दुष्काळात कुणबी गाव सोडून जाणार, आणि गाव ओस पडले की महसूल कोणाकडून घ्यावयाचा? म्हणून त्याने थांबून मोजले. पुढे मराठी राज्यानेही या पद्धतीतून पुष्कळ घेतले.

१६१० मध्ये त्याने खाम नदीकाठी खडकी येथे राजधानी वसवली. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. राजधानी म्हटली की पाणी आले. खाम ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. मलिक अंबरने नजर टाकली ती शहराच्या उत्तरेकडील डोंगरांवर. पावसाळ्यात तेथे पडलेले पाणी मुरमात झिरपते आणि कातळावरून जमिनीखालून वाहत राहते. हे पाणी भुईखालीच अडवावे, भुईखालूनच शहरापर्यंत आणावे, अशी त्याची योजना होती. दरबारातील जाणत्यांनी तिची थट्टा केली, असे परंपरा सांगते. तीच ही ‘नहर-ए-अंबरी’.

या कामाचे मर्म उतारात आहे. नहरीला इंजिन नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी केवळ स्वतःच्या वजनाने पुढे जाते. उतार जास्त झाला तर वेगाने भिंती खरवडल्या जातात. उतार कमी पडला तर गाळ बसून नहर तुंबते. म्हणजे मैलोगणती अंतरात, जमीन वर-खाली होत असता, भुईखालचा उतार एकसारखा राखावयाचा. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवली, म्हणजे माणूस आत उतरून गाळ काढू शकेल आणि हवा खेळती राहील. काही ठिकाणी दगडी मनोरे उभारले. त्यांत एका नळाने पाणी वर चढते, हवा बाहेर पडते, दाब निवळतो आणि दुसऱ्या नळाने पाणी पुढे जाते. यांतले एक जरी मोजमाप चुकले तरी शहराच्या दारात पाण्याऐवजी दलदल आली असती.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. परंपरा असेही सांगते की, नहरीचे काम सुमारे सव्वा वर्षात पुरे झाले. मग ते सावकाश कसे म्हणावे? आम्हांस वाटते की, घाई आणि गती यांत आपण गोंधळ करतो. ज्याने आधी उतार पाहिला आहे त्याचे हात भराभर चालतात, कारण त्याला केलेले मोडावे लागत नाही. घाई म्हणजे पाहण्याचे काम टाळून करण्याला लागणे. तुघलकाने पाहण्यापूर्वी माणसे हलवली, मलिक अंबरने पाणी पाहून मग कुदळ मारली.

कामाची परीक्षाही लवकरच झाली. १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये मोगल फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली. घरे जाळता आली. पण भुईखालच्या पाण्याला आग लागत नाही, आणि पाणी असल्यामुळे वस्ती पुन्हा उभी राहिली. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. पुढे मोगलांनी या शहराचा विस्तार केला तोही नहरींच्या भरवशावर. त्याच विद्येने आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली आणि तेथील विद्यार्थी, यात्रेकरू व निराश्रितांसाठी पीठ दळले जाऊ लागले. काही नहरी विसाव्या शतकातही शहराला पाणी देत होत्या.

त्याच वर्षांतील दोन पुस्तके

मलिक अंबर खडकी वसवीत होता त्याच वर्षांत, येथून दूर गोव्यात, त्याच्याच वयाचा दुसरा एक परदेशी माणूस दुसऱ्या प्रकारची नहर खोदत होता. ते म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि त्यांचे उरलेले सारे आयुष्य मुख्यतः साष्टी भागात गेले.

तो काळ कसा होता हे विसरून चालणार नाही. साष्टीत देवळे पाडली गेली होती, हुकुमांच्या जोरावर श्रद्धा रुजवण्याचा प्रयत्न चालला होता आणि लोकांच्या मनात संताप होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली, आणि त्यानंतर गावाच्या प्रमुखांनाही पोर्तुगीजांकडून जीव गमवावा लागला. दोन्हीकडचे रक्त सांडले. फादर स्टीफन्स यांनी हे जवळून पाहिले. हुकूम काढणे हाती असलेल्यांच्या मध्ये राहून त्यांनी निवडलेला मार्ग मात्र भाषेचा होता. ते कोकणी शिकले, मराठी शिकले, आणि येथील लोक आपली पुराणे कोणत्या छंदात ऐकतात हे त्यांनी ऐकले. मग त्याच ओवी छंदात त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. गोव्यात पाऊल टाकल्यापासून ग्रंथ छापून होईपर्यंत सदतीस वर्षे गेली होती. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, ते देवाघरी गेले.

या सदतीस वर्षांच्या पुढे दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. सत्ता त्यांची, दंड त्यांचा, छापखाने त्यांचे. तरीही ती भाषा गेली नाही. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, परंतु ग्रंथ राहिला. भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला, उपवासकाळात तो गायिला आणि मुलाबाळांच्या कानांवर घातला. देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमन अक्षरांत छापलेला हा मराठी ग्रंथ १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत महाराष्ट्रापुढे ठेवला. मधली दोन-अडीचशे वर्षे तो भुईखालून वाहत होता, असे म्हटले तर चूक होणार नाही. लोकांच्या मनाचा उतार पाहून काढलेली ती नहर होती, म्हणून ती तुंबली नाही.

याच सुमारास, १६०९ मध्ये, जिनिव्हाचे महागुरुस्वामी संत फ्रान्सिस द सेल्स यांचे ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका प्रकरणाचा विषय नेमका हाच आहे. संतांनी तेथे दक्षता आणि उतावीळ यांत फरक केला आहे. दक्षता प्रेमातून येते, देवदूतही आपल्या रक्षणाची दक्षता घेतात आणि तरी त्यांचे चित्त शांत असते. उतावळेपणाने मात्र बुद्धी गढूळ होते आणि जे काम नीट करावयाचे तेच बिघडते. मार्थेला प्रभूने ममतेने जे समजावले त्याचाही त्यांनी तेथे दाखला दिला आहे. मार्थेचे काम वाईट नव्हते. तिची कासाविशी तिला पाहुण्याकडे पाहू देत नव्हती.

आमच्या मळ्याची गोष्ट

संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव घेण्यास आमच्या भागात विशेष कारण आहे. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ मध्ये आजच्या फ्रान्समध्ये स्थापन झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या संघाचे धर्मगुरू घोगरगावच्या परिसरात आले. आज औरंगाबाद धर्मप्रांतातील पुष्कळ कुटुंबांची श्रद्धा त्या पायपिटीपर्यंत पोहोचते. धर्मप्रांत म्हणून स्वतंत्र स्थापना झाली ती १९७७ मध्ये, म्हणजे आठ दशकांच्या कामानंतर.

ते दिवस दुष्काळाचे होते. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. भुकेल्याला अन्न देणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच. परंतु दुष्काळात मदत आणि धर्मप्रवेश यांची सरमिसळ झाली, असा आक्षेप त्या काळी सर्वच पंथांच्या मिशनांवर घेतला गेला. तो ऐकून आपण कानांवर हात ठेवू नयेत. प्राचीन ख्रिस्तसभेत स्नानसंस्कारापूर्वी दीक्षार्थीला तीन-तीन वर्षे तयारी करावी लागे, यामागे अनुभव होता. तीच पायरीपायरीची तयारी पुन्हा सुरू करण्याचे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये ठरवले, तेही अनुभवानेच. घाईने भरलेली नोंदवही घाईने रिकामीही होऊ शकते.

आमच्या खेड्यांत श्रद्धा टिकली ती कोठे? आम्हांस दिसते ते असे. जेथे धर्मशिक्षक, ज्यांना गाव नुसते ‘मास्तर’ म्हणे, वर्षानुवर्षे त्याच वस्तीत राहिले. जेथे त्यांनी दिवसभर मुलांना मुळाक्षरे शिकवली आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मोठ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेतल्या. जेथे लग्नात, मयतीत, साथीच्या रोगात ते दारी उभे राहिले, तेथे ती टिकली. अशा मास्तरांची नावे शिलालेखांवर नाहीत. नहरीचा उतार ज्यांनी मोजला त्या गवंड्यांचीही नाहीत.

आजची तहान

आज या शहराला जायकवाडीचे पाणी येते. १९७६ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणातील पाणी दूरवरून विजेच्या बळावर वर चढवावे लागते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. एवढ्यांची तहान मलिक अंबरच्या नहरीने भागली असती, असे कोणी म्हणणार नाही. पण असलेल्या नहरींचे आपण काय केले? त्यांच्या तोंडांवर घरे उठली, पायाभरणीत त्यांच्या भिंती फुटल्या, गटारे त्यांत सोडली गेली. प्रत्येकाला आपले बांधकाम पावसाळ्यापूर्वी पुरे करावयाचे होते आणि खाली काय आहे ते पाहण्यास कोणालाच सवड नव्हती. तीनशे-चारशे वर्षे चाललेले काम बिघडवण्यास तीस-चाळीस वर्षे पुरली.

आम्हांला भीती वाटते ती ही की, हेच आपण घरातही करीत आहोत. मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीराची तारीख आधी ठरते, सभागृह ठरते, फोटोवाला ठरतो. मुलाला त्या भाकरीचा अर्थ कळला की नाही, हे शेवटच्या आठवड्यात पाहिले जाते. विवाहाच्या तयारीचे वर्ग कोणी एका दिवसात उरकून मागतात आणि संसार मात्र पन्नास वर्षांचा हवा असतो. मुलांनी लवकर इंग्रजी बोलावे म्हणून घरातील मराठी प्रार्थना बंद होते, आणि मग आजीची जपमाळ व नातवाचे मन यांच्यामध्ये उतारच राहत नाही. पाणी वाहावे कसे?

शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणारा शहाणा माणूस आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो. आम्हांस त्यातील ‘खाली बसतो’ हे फार महत्त्वाचे वाटते. तुघलकाच्या दरबारात विद्वान पुष्कळ होते, पण खाली बसून पाहण्यास त्याने वेळ दिला नाही. मलिक अंबरने दिला, फादर स्टीफन्स यांनी सदतीस वर्षे दिली, आमच्या मास्तरांनी आयुष्ये दिली. नहर एकदा बांधली म्हणजे काम संपले असेही नसे. वर्षानुवर्षे कोणीतरी तोंडातून आत उतरून गाळ काढावा, तेव्हा शहराला पाणी मिळे. आपल्या घरातील आणि धर्मग्रामातील गाळ काढण्याची पाळी आता आपली आहे. ती एका रविवारी उरकणार नाही. पण हा पावसाळा येण्यापूर्वी सुरू करता येईल.